हिरवा बाण

आर्किटेक्ट लोकांत बरेच प्रकार असतात. एक जण सगळी इमारत काचेची काढतो आणि मग आतली माणसं भाजू नयेत म्हणून पडदेवाल्याचा नंबर देतो. दुसरा आधी होकायंत्र काढतो, मग पेन्सिल. तिसऱ्याला बिल्डरच्या मनातलं न बोलता कळतं; त्याची मुलं परदेशात शिकतात. मी सांगतोय तो चौथा. इमारत बांधण्यात त्याला फारसा रस नसतो. त्याला जोडायचं असतं. पेठ उपनगराला, उपनगर ओढ्याला, ओढा टेकडीला, टेकडी बसथांब्याला, आणि हे सगळं पुन्हा माणसाला. त्याचं खरं आडनाव कुलकर्णी असेल, शहा असेल, शेख असेल. आपण त्याला जोडणकर म्हणू. पुण्यात रिडेव्हलपमेंटच्या सभा जिथे जिथे चालतात तिथे तो एकदा तरी येऊन जातो. बहुतेक ठिकाणी चहा पाजून त्याला वाटेला लावतात. आमच्याकडे तो टिकला, म्हणून मला जवळून पाहायला मिळाला.

वय पंचेचाळीस-पन्नास. निळीत रंगवलेला, बिनकॉलरचा, हातमागाचा कुडता. जाड काड्यांचा चष्मा. खांद्याला झोळी आणि झोळीतून डोकं काढणारी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. बाकीचे आर्किटेक्ट आता टॅब घेऊन येतात. याला ट्रेसिंगच लागतो, कारण ट्रेसिंग कशावरही पसरता येतो. सोसायटीच्या मंजूर नकाशावर तो पसरायचा आणि खालची भिंत पुसट दिसायला लागली की तिच्यावरून बाण काढायचा. बाण हिरवा. खिशाला तीन हिरवी स्केचपेनं कायम लावलेली : एक पोपटी, एक पानाच्या रंगाचं, एक शेवाळी. लाल पेन तो बाळगत नाही. लाल रंगानं माणूस थांबतो, असं त्याचं म्हणणं.

हा बाण म्हणजेच जोडणकरचं खरं बांधकाम. सिमेंट, सळई, वाळू हे सगळं नंतरचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी. बाण भिंतीतून जातो, पाण्याच्या टाकीतून जातो, ट्रान्सफॉर्मरमधून जातो. एकदा तर तो आमच्या चेअरमनच्या बेडरूममधून गेला.

"हे काय?" चेअरमननी विचारलं.

"व्हिज्युअल कनेक्ट. रस्त्यावरून ओढ्याकाठची झाडं दिसतील."

"माझ्या बेडरूममधून?"

"तुमची बेडरूम वर उचललीय, काका. खाली कमान आहे."

आमचे चेअरमन आयुष्यात कुणाला घाबरलेले नाहीत. पण त्या संध्याकाळी सभा संपल्यावर ते तडक घरी गेले आणि पलंग जागेवर आहे ना, ते आधी बघून आले.

आमची सोसायटी आंबिल ओढ्याच्या काठी, सहकारनगरच्या अंगाला. तीन मजले, लिफ्ट नाही. सगळ्यांचे गुडघे शाबूत होते त्या काळात घेतलेली घरं. रस्त्याकडे तोंड, ओढ्याकडे पाठ. त्या पाठीवर काय काय आहे? ड्रेनेजचे पाइप, न्हाणीघरांच्या खिडक्या, मेलेल्या तुळशीच्या कुंड्या आणि कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे वस्ती, पिठाची गिरणी, शाळा आणि भाजीवाले. कात्रजच्या डोंगरातून निघून मुठेला मिळेपर्यंत जवळजवळ प्रत्येक इमारत या ओढ्याला अशीच पाठ दाखवते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पेठांच्या बाहेरून वळवला होता. पुढे शहर त्याच्या मागे मागे गेलं, त्याला दोन्ही बाजूंनी गाठलं आणि गाठल्यावर त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्यानं आपणहून सगळ्यांकडे बघितलं. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली. त्या रात्रीवर आमच्याकडे कुणी विनोद करत नाही. जोडणकरही त्या विषयावर बोलताना पेनाला टोपण लावतो.

आमची भिंत नंतर पुन्हा बांधली. आधीपेक्षा उंच बांधली. आणि वर्षभरात शेवग्याच्या झाडामागे तिला पुन्हा भगदाड पडलं.

हे भगदाड हा आमच्या सोसायटीचा जुना विषय. दर वार्षिक सभेत ते बुजवण्याचा ठराव होतो, गवंडी येतो, विटा लागतात, आणि पावसाळा सरता सरता एकेक वीट आपोआप निघून जाते. कोण काढतं, कुणाला माहीत नाही. वापरतात मात्र सगळे. घरकामाला येणाऱ्या बायका तिथून येतात, कारण पुलावरून वळसा घातला तर अर्धा तास मोडतो. पलीकडची पोरं बसथांब्यावर तिथून येतात. ओढ्यात ड्रेनेजच्या लायनीवर काँक्रीटचा एक लांबट ओटा आहे, त्यावर तोल सांभाळत पलीकडे जाता येतं. ठराव मांडणारे सेक्रेटरी स्वतः भाजणीचा डबा घेऊन गिरणीत त्याच वाटेनं जातात. मी त्यांना पाहिलं आहे, कारण मी त्यांच्या मागे होतो.

जोडणकर पहिल्यांदा साइट बघायला आला तेव्हा कमिटीनं त्याच्यासाठी जुने नकाशे, सात-बारा, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असं सगळं मांडून ठेवलं होतं. त्यानं त्यातल्या एकालाही हात लावला नाही. "मागची बाजू कुठाय?" म्हणाला आणि निघाला. शेवग्याखाली एका उलट्या बादलीवर बसला. भगदाडातून कोण येतं, कोण जातं, हातात काय आहे, वाकून जातं की तिरकं होऊन, हे सगळं टिपून घेतलं. एका बाईच्या डोक्यावरचं ओझं विटेला अडलं तर उठून हात दिला. परत आला तेव्हा चेहरा उजळलेला.

"तुमच्या अख्ख्या सोसायटीत सर्वांत विचार करून केलेली गोष्ट म्हणजे ते भगदाड," तो म्हणाला. "बरोबर जागी आहे, बरोबर मापाचं आहे, आणि लोकांनी स्वतःच्या खर्चानं त्याची देखभाल केलीय."

सोसायटीचा असा सत्कार पूर्वी कुणी केला नव्हता. चेअरमननी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, गेला हा. पण त्याच आठवड्यात ज्या दुसऱ्या आर्किटेक्टनं प्रेझेंटेशन दिलं, त्यानं इमारतीच्या गच्चीवर हेलिपॅडसारखं काहीतरी काढलं होतं. त्यामुळे सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) प्रमाणे रीतसर ठराव होऊन जोडणकरची नेमणूक झाली.

त्याचा आराखडा मी माझ्या भाषेत सांगतो. आमची आणि शेजारची अशा दोन्ही सोसायट्यांनी एकत्र यायचं. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दुकानं. ओढ्याच्या बाजूलाही तळमजल्यावर दुकानं. लहान लहान, चिंचोळी, प्रत्येकाला वेगळं दार. पहिल्या मजल्यावर दवाखाने, क्लास, वकिलांची ऑफिसं, एक वाचनालय. वर घरं. मधोमध दोन मजली उंच कमान, जिच्यातून कुणीही, अगदी कुणीही, रस्त्यावरून थेट ओढ्याकाठी उतरेल. काठानं सावलीतली पायवाट, आणि ओढ्यावर चालत जाण्याचा नीट पूल. बेसमेंट नाही, जिथे पाणी एकदा घुसलंय तिथे ते पत्ता विसरत नाही, असं तो म्हणतो. जोतं वर उचललेलं, आणि काठाला काँक्रीटच्या भिंतीऐवजी दगड-मातीचा उतार, म्हणजे पूर आला तर त्याला हातपाय पसरायला जागा.

उतारावर झाडं कुठली, यावर त्याचं आणि बिल्डरच्या लँडस्केपवाल्याचं जे भांडण झालं ते तिकीट लावून दाखवण्यासारखं होतं. लँडस्केपवाल्याला हवे होते पाम आणि हिरवळ. जोडणकरला हवे होते करंज, उंबर, अर्जुन आणि वाळुंज.

"वाळुंज एमआयडीसीत आहे ना?" लँडस्केपवाला म्हणाला.

"झाड आहे ते! सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी वाढतं!" जोडणकरचा आवाज चढला. दोन मिनिटं तो खोलीत फेऱ्या मारत राहिला. शेवटी उंबर मंजूर झाला, पण फळं गाड्यांवर पडतील म्हणून पार्किंगपासून लांब.

त्याच्या झोळीत जगभरच्या अशा जागा असतात. तो त्या बोलावतो, आणि त्या येतात. पॅरिसचा जुना रेल्वेपूल : आगगाडी १९६९ मध्ये बंद झाली, वर बाग केली, खालच्या कमानींत कारागिरांना गाळे दिले. न्यूयॉर्कची हाय लाइन : १९३४ मध्ये सुरू झालेला मालगाड्यांचा उन्नत मार्ग, आता सव्वादोन किलोमीटरची हवेतली बाग. त्या मार्गावरची शेवटची गाडी १९८० मध्ये गोठवलेल्या टर्की कोंबड्या घेऊन गेली, हा प्रसंग तो इतक्या हळवेपणानं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, झेंडी यानंच दाखवली होती. सोलमध्ये नदीवरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये जवळजवळ सहा किलोमीटरचा प्रवाह पुन्हा मोकळा केला, हे सांगताना तो उभा राहतो.

"पाणी बारमाही आहे का तिथे?" आमच्यातल्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सभासदांनी विचारलं.

"पंपानं सोडतात," जोडणकर जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"मग लाइट बिल कुठल्या सोसायटीच्या मीटरवर येतं?"

सोल त्या सभेत परत आलं नाही.

पण त्याचं खरं तीर्थक्षेत्र अटलांटा. तिथे रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्यानं १९९९ मध्ये पदव्युत्तर प्रबंधात मांडलं, की शहराभोवती पडीक झालेले रेल्वेमार्ग जोडले तर ३५ किलोमीटरचं एक कडं होतं, आणि एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या ४५ वस्त्या त्याला लागून येतात. विद्यार्थ्याचा प्रबंध, पण शहरानं तो खरंच हाती घेतला. जोडणकरच्या डोळ्यांत पाणी येतं ते इथे. त्याचा स्वतःचा प्रबंध कॉलेजच्या तळघरात आहे. त्या कड्याच्या काठी सिअर्स कंपनीची १९२६ ची एक प्रचंड इमारत होती. रेल्वेकडची तिची बाजू म्हणजे मालाची चढउतार, अर्थात मागची बाजू. २०१२ मध्ये तिथून पायवाट गेली, २०१४ मध्ये त्या इमारतीत बाजार, ऑफिसं आणि राहती घरं सुरू झाली, आणि लोक पायवाटेवरूनच आत यायला लागले.

"म्हणजे काय झालं?" जोडणकर विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही. "मागची बाजू पुढची झाली! सगळी कला एवढीच आहे. इमारतीनं मान वळवली पाहिजे."

हे वाक्य मला पटतं. जोडणकरची दहातली आठ वाक्यं मी चहाबरोबर सोडून देतो, हे ठेवलं आहे.

आणखी एक हिशेब तो मांडतो तोही खरा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. प्रत्येक सोसायटी ती सोडते, पण आपापल्या भिंतीच्या आत. त्यामुळे ओळीनं दहा सोसायट्या असल्या की दहा बोळकांडी होतात, दहा घसरगुंड्या होतात आणि त्यांवर दहा वॉचमन झोपतात. हीच जागा सगळ्यांनी ओढ्याच्या बाजूला सोडली असती तर सलग हिरवा पट्टा फुकटात झाला असता. त्यासाठी पैसा लागत नाही. शेजारच्या सोसायटीशी बोलावं लागतं, आणि पुण्यात पैशापेक्षा ते अवघड.

जोडणकरबरोबर रस्त्यानं चालणं ही वेगळी शिक्षा. तो दारं मोजतो. चपलांचं दुकान, दार एक. रसवंती, दार दोन. झेरॉक्स, दार तीन. जितकी दारं जास्त तितका रस्ता जिवंत, हा त्याचा सिद्धांत. बँक आली की त्याचा चेहरा पडतो : एवढी लांबलचक काच आणि दार एकच, तेही ढकलायचं की ओढायचं कळत नाही. मॉलच्या पार्किंगची भिंत आली की तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायला लागतो. लक्ष्मी रस्त्यावर मात्र तो खुलतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागे चौक, चौकातून बोळ, बोळातून दुसरी पेठ! मिक्स्ड यूज म्हणून जे परदेशात शिकवतात ते इथे पेशवाईपासून चालू आहे, असं तो भर गर्दीत थांबून सांगतो आणि मागून येणारे त्याच्यावर आदळतात.

"मग तुम्ही इकडेच का नाही राहायला आलात?" मी एकदा विचारलं.

"इथे पार्किंग नाही हो," जोडणकर म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि पुढचा चौक येईपर्यंत त्यानं दारं मोजली नाहीत.

पार्किंग हा त्याचा शत्रू. नकाशावर तो पार्किंग इतक्या फिकट राखाडी रंगात काढतो की झेरॉक्समध्ये ते उमटतच नाही. बिल्डरच्या मनात होतं पोडियम : खाली तीन मजले नुसत्या गाड्या, त्यांच्या डोक्यावर बाग, बागेच्या वर घरं. आता पुण्या-मुंबईत जो तो हेच करतो. रस्त्यावरून चालणाऱ्याला तीन मजल्यांची मुकी जाळी दिसते, आणि बागेत जायला लिफ्टचं कार्ड लागतं.

"सर, ओढ्याकडे दुकान घेणार कोण?" बिल्डर म्हणाला. बिल्डर वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त चौरस फुटांत विचार करायची सवय होती. "दुकानाला फ्रंटेज लागतं. तिथे फ्रंटला ओढा आहे."

"तिथे माणसं आहेत! मी मोजलीयत!"

"ती भगदाडातून येतात, सर. भगदाडातून येणाऱ्या माणसाला मी रेट काय लावू?"

रेंडरमध्ये मात्र ही माणसं नव्हती. रेंडर म्हणजे जोडणकरच्या ऑफिसातली तरुण मुलं संगणकावर करून देतात ते चित्र. त्यात नेहमी संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात आणि पुण्यात पाऊस पडत नाही. फुगा घेतलेली एक मुलगी असते, एक सायकलवाला, लॅपटॉप मांडीवर घेऊन गवतावर बसलेली एक बाई (मांडीखाली मुंग्या नाहीत), आणि परदेशी वंशाचा, अजिबात न भुंकणारा कुत्रा. सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस नसतो. कचरा वेचणाऱ्या बाई नसतात. भाजणीचा डबा घेतलेले आमचे सेक्रेटरी नसतात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा जोडणकरला मनापासून वाईट वाटलं. पुढच्या सभेत त्यानं सुधारून आणलं : फुगेवाल्या मुलीशेजारी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई होती. पण संगणकाच्या संग्रहात तशी बाई सापडली नसावी, कारण ती दिसायला इटालियन होती.

त्याची बायकोही आर्किटेक्ट. ती लोकांची स्वयंपाकघरं करून देते. "हा शहरं जोडतो, मी ट्रॉलीच्या बिजागऱ्या जोडते," ती म्हणते. "ईएमआय बिजागऱ्यांवर जातो." जोडणकर हे ऐकून मान डोलावतो, त्याला त्यातही काहीतरी सांधा दिसत असावा.

सुरक्षेच्या मुद्द्यावर आमची सभा तीन तास चालली. आरपार वाट म्हणजे चोरांना आमंत्रण, हे बहुमत. जोडणकरनं जेन जेकब्ज नावाच्या बाईंना पुढे केलं. त्यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे रस्ते पाहून लिहिलं होतं, की ज्या वाटेवर दुकानं उघडी आहेत आणि खिडक्यांतून लोकांचं लक्ष आहे ती वाट आपोआप सुरक्षित राहते. सुनसान बोळात चोरी होते, गजबजलेल्या बोळात होत नाही. "लक्ष ठेवणारं कुणीतरी हवं, बस."

सगळ्यांच्या माना एकदम मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. कुणाकडे कुठला टेम्पो किती वाजता आला, कुणाचा जावई कितव्या वेळी रिकाम्या हातानं आला, हे सगळं त्यांच्या गॅलरीत नोंदवलेलं असतं.

"मला नव्या बिल्डिंगमध्ये ओढ्याकडची गॅलरी पाहिजे," काकू म्हणाल्या. "रस्त्याकडचं माझं सगळं बघून झालंय."

सुरक्षेचा ठराव तिथे पास झाला.

मग जोडणकरनं हट्ट धरला की पलीकडच्या लोकांशीही बोलायचं. आमच्या कमिटीला हे विचित्र वाटलं. रिडेव्हलपमेंट आमची, त्यांचा काय संबंध? पण तो स्वतः जाऊन बोलावून आला. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, पडदा लावला. पलीकडून वीस-पंचवीस माणसं आली, अर्थातच भगदाडातून. पॅरिस झालं, न्यूयॉर्क झालं, अटलांटा झालं, मग आमची कमान, पूल, पायवाट. लोकांनी शांतपणे बघितलं. फुगेवाल्या मुलीपाशी पोरं हसली. शेवटी गिरणीवाले मामा उठले. कपाळाला पीठ, हातात टोपी.

"साहेब, लई चांगलं आहे. एक विचारू का? हे सगळं झाल्यावर माझ्या गाळ्याचं भाडं किती होईल?"

जोडणकर काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. इतर कुठलाही आर्किटेक्ट म्हणाला असता, तुमचा धंदा वाढेल, मामा. माझी तर खात्री होती की आता एक नवा बाण निघणार. पण त्यानं प्रोजेक्टर बंद केला.

"वाढेल," तो म्हणाला. "फार वाढेल. मी आत्ता दाखवलं ना, अटलांटा? तिथे कड्याच्या काठची घरं इतकी महाग झाली की आधीपासूनच्या लोकांना परवडेनात. ज्यानं कल्पना मांडली त्या ग्रॅव्हेलनं याच मुद्द्यावर २०१६ मध्ये त्या प्रकल्पाशी जोडलेल्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. न्यूयॉर्कच्या बागेच्या दोन संस्थापकांपैकी एकानंही पुढे जाहीरपणे सांगितलं, की आम्ही शेजारच्या लोकांना बाग कशी हवी ते विचारत बसलो, तुम्हाला काय हवंय ते विचारायचं राहिलं."

"मग हे तुम्ही पडद्यावर का नाही दाखवलं?" मामा म्हणाले.

"त्याचं चित्र चांगलं येत नाही," जोडणकर म्हणाला.

मला वाटतं, त्याची आणि आमची खरी ओळख त्या रात्री झाली. त्यानंतर तीन आठवडे तो बिल्डरच्या मागे लागला होता, आणि या वेळी झोळीतून ट्रेसिंग निघाला नाही, एक्सेल निघालं. ओढ्याच्या बाजूचे काही गाळे विकायचे नाहीत, ते सोसायटीच्या मालकीचे ठेवायचे आणि पलीकडच्या सध्याच्या व्यावसायिकांना दीर्घ मुदतीनं, ठरलेल्या भाड्यानं द्यायचे. ते भाडं पायवाट झाडायला, दिव्यांच्या बिलाला आणि पुलाच्या रंगाला लावायचं. बागा उद्घाटनानंतर का मरतात, तर झाडू कुणाचा हे नकाशावर नसतं, असं तो आता बोलायला लागला होता. सभासदांनी एकच प्रश्न विचारला : आमचा कॉर्पस किती कमी होणार? बिल्डरनं आकडा सांगितला. दहा गाळ्यांचे सहा झाले, सहाचे चार. चार गाळ्यांवर सभा तापली आणि अखेर दोनांवर थंड झाली. गिरणीचा पट्टा आवाज करतो, म्हणून गिरणी वरच्या घरांपासून लांब, अगदी टोकाला. मामांनी जागा पावलांनी मोजून पाहिली आणि म्हणाले, "जातं बसतंय."

कमानीचंही तसंच झालं. चेअरमननी कोरेगाव पार्कातल्या ओशो तीर्थ बागेचा दाखला काढला : तीही नाल्याकाठची, लोकांसाठी खुली, पण ठरावीक वेळातच. म्हणून आमच्या कमानीला दोन फाटकं, सकाळी पाचला उघडायची, रात्री अकराला बंद. जोडणकरला फाटक हा शब्द उच्चारवत नाही. नकाशावर त्यानं ती केसाइतक्या बारीक रेघेनं काढली. पुढच्या सभेला चेअरमन भिंग घेऊन आले आणि म्हणाले, "ही जरा ठळक करा."

आता घरं रिकामी झाली आहेत. आम्ही सगळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये पसरलो आहोत, आणि काकू फोन करून विचारतात, की तुमच्या नव्या शेजाऱ्यांकडे रात्री एवढं कोण येतं. भिंत पाडली. साइटभोवती बिल्डरनं उंच पत्रे ठोकले आणि त्यांवर रेंडर मोठं करून छापलं : साडेपाचची वेळ, इटालियन पाटीवाली, न भुंकणारा कुत्रा. पहिल्या आठवड्यातच, जिथे शेवगा होता तिथला पत्रा तळाशी वाकवलेला सापडला. सुपरवायझरनं तो ठोकून सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकलेला. मग त्यानं खिळे वाढवले, तर बाजूचाच पत्रा निघाला.

शेवटी त्यानं आर्किटेक्टला बोलावून घेतलं. मी त्या बाजूला दळण टाकायला निघालो होतो म्हणून हजर होतो. जोडणकर खाली बसला. खिशातून टेप काढून त्यानं फटीची रुंदी मोजली, उंची मोजली. एक मुलगा दप्तर पुढे ढकलून आतून बाहेर आला, त्याला थांबवून खांद्यांचं मापही घेतलं.

"पुलाचं तोंड आपण चुकीच्या जागी काढलंय," तो मला म्हणाला. "चार फूट डावीकडे घ्यायला हवं. लोक इकडून वळतायत."

"आता नकाशा मंजूर झालाय ना?"

"सुधारित दाखल करू."

सुपरवायझरला या कशात रस नव्हता. त्याच्या हातात वही होती.

"साहेब, पत्रे तीन गेलेत. ह्याचे पैसे कुणाच्या नावावर टाकू?"

जोडणकरनं टेप गुंडाळत क्षणभर विचार केला आणि आमच्या चेअरमनचं नाव सांगितलं.